पहिल्या दिवशी वर्गात कोण होतं?

खुर्ची कशासाठी लागते असं विचारलं तर कुणीही सांगेल, बसायला. दुबईत धंदा सुरू केला तेव्हा मीही असंच समजत होते. दोन-चार कार्यक्रम झाल्यावर कळलं की बसायला माणसाला कठडाही पुरतो. खुर्ची लागते ती शेजारच्याच्या पुढे बसायला.

अल क्वोजमध्ये, दुबईच्या कारखान्यांच्या भागात, आमची शेड होती. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला संगमरवर कापणारा, त्यामुळे आमच्या खुर्च्या कायम पांढऱ्या. खुर्च्या, सोफे, स्टेजच्या फळ्या, गालिचे, माइक, स्पीकर, असं सगळं आम्ही भाड्याने द्यायचो. लायसन नवऱ्याच्या नावावर होतं. पण त्याला लोकांशी बोलायचा मनापासून कंटाळा, म्हणून गिऱ्हाईक सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. मराठी मंडळी मला शालूताई म्हणत, बाकीचे मॅडम.

बाहेरच्याला हे काम हमालीचं वाटतं. तशी हमाली आहेच, पण डोकंही लागतं. दोन रांगांमध्ये किती जागा सोडायची? पैठणी नेसलेली बाई आणि समोशांचा ट्रे घेतलेला वेटर एकमेकांना न लागता जातील इतकी. तीन माणसांच्या सोफ्यावर किती माणसं बसतात? दोन. मधे पर्स बसते. पहिली रांग पाहुणे येईपर्यंत रिकामी ठेवायची असते आणि पाहुणे कधीच वेळेवर येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रम रिकाम्या सोफ्यांसमोर सुरू होतो. खोर फक्कानला एका कॉन्ट्रॅक्टरच्या मुलाची मुंज आम्ही समुद्रकाठी मांडली होती. मी भरतीचं सांगितलं होतं, पण यजमान म्हणाले, “इन्शाल्ला, काही होत नाही.” मंगलाष्टकं चालू असताना पाणी पहिल्या रांगेच्या पायाशी आलं. एकही जण उठला नाही! उठलं की जागा गेली. सगळी बडी मंडळी पाय वर घेऊन, चपला मांडीवर ठेवून अक्षता टाकत होती.

पण मला सांगायचं आहे ते जगदाळ्यांच्या कार्यक्रमाबद्दल.

जगदाळे साताऱ्याकडचे. दुबईत एअरकंडिशनिंगच्या डक्टिंगचा मोठा धंदा. त्यांच्या गावची पुष्कळ माणसं अमिरातीत होती. काही फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं, काही कामगारांच्या कॅम्पात राहणारे फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. या सगळ्यांनी मिळून वर्षातून एकदा गावच्या शाळेचा कार्यक्रम करायचा असं ठरवलं. स्वातंत्र्याच्या आधी त्या गावात सवर्णांची मुलं शाळेत आत बसत आणि गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं पडवीत, गोणपाटावर. मास्तर त्यांना खिडकीतून शिकवत. मग वरून हुकूम आला आणि एक दिवस सगळी मुलं एका वर्गात बसली. त्या दिवसाची आठवण म्हणून हा कार्यक्रम. आमच्या धंद्यात गणपती, गुढीपाडवा, लग्न, नवस, सगळं होतं. पण शाळेत एकत्र बसल्याचा कार्यक्रम मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तो फार आवडला.

पहिल्या वर्षी तो शारजात एका व्हिलाच्या अंगणात झाला. आम्ही फक्त सतरंज्या आणि एक माइक दिला. जगदाळ्यांनी भाषण केलं, “त्या पहिल्या दिवशी माझ्या वडिलांनी त्या मुलांचा हात धरून त्यांना वर्गात नेलं.” टाळ्या झाल्या, पिठलं-भात झाला, लोक घरी गेले.

पुढे कार्यक्रम वाढला. वाढला की माझ्याकडे येतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते एका हॉटेलच्या हॉलपर्यंत पोचले आणि जगदाळे आमच्या शेडमध्ये नकाशा घेऊन आले. पुढे स्पॉन्सरांचे सोफे, त्यामागे सोनेरी पासवाले, मग रुपेरी पासवाले, मग साधी कुटुंबं, मग एक दोरी आणि दोरीमागे बॅचलर, म्हणजे बायकापोरं गावाला ठेवून कॅम्पात राहणारे.

मी म्हटलं, “जगदाळेसाहेब, कार्यक्रम एकत्र बसण्याचा आहे ना?”

“एकत्रच आहेत की. हॉल एकच आहे.”

“आणि ही दोरी?”

“शालूताई, फॅमिलीवाले म्हणतात बॅचलर वेगळे पाहिजेत. बॅचलर म्हणतात आम्हाला चालेल, पण जेवण एकच पाहिजे. आता समता पाहिजेच हो. पण स्पॉन्सरला मागे कसा बसवू?”

मी दोरी लिहून घेतली. आमच्याकडे ती लाल मखमली होती.

त्या वर्षी मुलांचं नाटुकलं होतं. मिसेस जगदाळे ते बसवत होत्या. माझ्याकडे शाळेची भिंत, दार आणि खिडकी बनवायचं काम होतं, म्हणून तालमीला मी हजर होते. मुलं सगळी तिथेच जन्मलेली. त्यांना पडवीचा प्रसंग समजावताना मिसेस जगदाळ्यांना घाम फुटला.

“बट आंटी, व्हाय इज ही आउटसाइड? इज ही पनिश्ड?”

“नाही बाळा. तेव्हा तसं होतं.”

“व्हॉट डिड ही डू?”

“काही नाही केलं.”

“देन हू डिड?”

मिसेस जगदाळ्यांनी ज्यूस ब्रेक जाहीर केला.

खरी पंचाईत पुढेच होती. गोणपाटावर बसायला मुलगाच मिळेना. एका आईने सांगितलं, आमच्या मिहिरला धुळीची ॲलर्जी आहे. दुसरी म्हणाली, मागच्या वर्षी आमची झाड झाली होती, यंदा तिला डायलॉग हवेत. तिसरीने बाजूला घेऊन विचारलं, “व्हिडिओ गावाला जाणार ना? मग उगाच लोकांचा गैरसमज होईल.” शेवटी मिसेस जगदाळे मिलिंद कांबळ्यांकडे वळल्या. मिलिंद एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होते, त्याच गावचे, आणि त्यांची मुलगी ऋता नाटुकल्यात होती. कांबळे, म्हणजे त्या वस्तीतलेच.

“तुमची ऋता बसेल का हो? तिला ते किती नॅचरल...” वाक्य त्यांनी मधेच सोडलं.

मिलिंद शांतपणे म्हणाले, “वहिनी, माझे वडील बसलेत. आमच्या घरातून तेवढं पुरे.”

तेव्हा असं ठरलं की सगळी मुलं सुरुवातीपासून आतच बसतील. मग मास्तर येऊन जाहीर करतील की आजपासून सगळे एकत्र बसणार, आणि मुलं टाळ्या वाजवतील. मी फक्त एवढंच विचारलं की पडवीतल्या गोणपाटावर स्पॉटलाइट टाकायचा आहे की तो आता रद्द. त्यावर कमिटीत चर्चा झाली. रिकाम्या गोणपाटावर प्रकाश टाकला तर ते फार आर्टिस्टिक दिसेल असं एकाचं मत पडलं, आणि स्पॉट राहिला.

याच मिलिंदचे वडील त्या वर्षी व्हिजिट व्हिसावर आले होते. धोंडीराम कांबळे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्या पहिल्या दिवशी पडवीतून वर्गात गेलेल्या मुलांपैकी ते एक. असा माणूस साक्षात दुबईत आहे म्हटल्यावर कमिटीने त्यांना प्रमुख पाहुणे केलं. पण हॉटेलच्या मॅनेजरची अट होती की राजकारण आणि धर्म नको. कमिटीने घाबरून त्यात जातही घातली. आदल्या दिवशी माइक लावून पाहायला तात्या आले, तेव्हा सेक्रेटरी त्यांना सांगत होते, “तात्या, सगळे एका वर्गात कसे आले ते सांगा. फक्त आधी वेगळे का बसत होते ते नको.”

तात्या म्हणाले, “बरं. आणि आम्ही पडवीत का बसत होतो म्हणू?”

“जागा कमी होती म्हणा.”

“जागा पुष्कळ होती. आत मागं ज्वारीची पोती ठेवायचे.”

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मी स्पीकरच्या वायरी मोजायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी आमचा ट्रक हॉटेलला पोचला. शाळा उतरवली आणि हॉलच्या दारापाशी नेली. जाईना. मापं मी स्वतः घेतली होती, पण हॉलच्या. दाराचं कुणी घ्यायचं ते राहिलं. आमचा सुतार जोसेफ केरळचा. त्याने शाळा उभी केली, आडवी केली, तिरकी केली. मागे आचारी उभे, ट्रॉल्या उभ्या, हॉटेलचा माणूस ओरडतोय, “यल्ला, यल्ला, मॅडम, फायर एक्झिट!”

जोसेफ म्हणाला, “मॅडम, एक ही रास्ता. दीवार काटना पड़ेगा.”

“काट.”

करवत चालली. दार आणि खिडकी आत गेली, भिंत पार्किंगमध्ये राहिली. येणारी कुटुंबं त्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढायला लागली. त्यांना वाटलं ती त्यासाठीच आहे.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे रिकाम्या सोफ्यांसमोर सुरू झाला. नाटुकलं झालं. गोणपाटावर प्रकाश पडला. आत बसलेल्या मुलांना आता आत बसा असं सांगण्यात आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. जगदाळ्यांनी वडिलांनी हात धरून नेल्याची गोष्ट सांगितली. मग तात्या उभे राहिले. पांढरा सदरा, वर मुलाचा कोट, जरा मोठाच. मी साउंडच्या टेबलाशी होते.

“मला सांगितलंय की आम्ही पडवीत का बसत होतो ते सांगू नका,” त्यांनी सुरुवात केली. सेक्रेटरींनी डोळे मिटले. “तर ते मी सांगत नाही. आम्ही महाराची पोरं होतो एवढंच सांगतो. बाकी तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.”

सोफ्यांवरची मंडळी कार्यक्रमपत्रिका बघायला लागली.

“आता पहिला दिवस. हुकूम आला. आम्ही आंघोळी करून, आयांनी धुतलेली कापडं घालून गेलो. मास्तर म्हणाले, या आत. आम्ही आत गेलो. तर वर्गात कोण? कोणी नाही! गावातल्या सगळ्यांनी आपापली पोरं काढून घेतली होती. आम्ही, मास्तर आणि ज्वारीची पोती. तुम्ही ज्या दिवसाचा कार्यक्रम करताय ना, त्या दिवशी आम्ही एकत्र बसलो, पण आमचे आम्हीच.”

दोरीमागून कुणीतरी हसलं आणि थांबलं. तात्याही हसले, तसे बाकीचे मोकळेपणी हसायला लागले.

“मग गावातली पोरं घरी काय करणार? बापांनी लावली कामाला. शेण काढ, म्हशी राख. थोड्या दिवसांत पोरं टेकीला आली. सगळ्यात आधी परत आला तो यशवंता जगदाळे. आपल्या साहेबांचे वडील. ओढ्यातून आलेला, चिखलानं भरलेला. मास्तर म्हणाले, थांब बाहेर, पाय धू आधी. म्हणजे बघा, जगदाळे बाहेर पडवीत आणि आम्ही आत!”

मागची बॅचलर मंडळी उठून ओरडायला लागली. शिट्ट्या झाल्या. कुटुंबं हसत होती. सोफ्यांवरचे मात्र जगदाळ्यांकडे बघत होते. जगदाळ्यांचा चेहरा आमच्या खुर्च्यांसारखा पांढरा झाला होता. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट, आणि ती त्यांच्याच स्टेजवर, त्यांच्याच माइकवर मोडली. मला त्यांची कीव आली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं.

ते उठून दुसऱ्या माइकपाशी गेले. “तात्या, तुमची काहीतरी गफलत होतेय. आबांनी तुम्हाला हात धरून नेलं होतं.”

“असेल,” तात्या म्हणाले. “म्हातारपण आहे. पण यशवंतराव आहेत की अजून. त्यांनाच विचारा.”

“लावा फोन!” दोरीमागून आवाज आला. मग सगळीकडून. “लावा फोन! लावा फोन!”

मी त्यांच्या जागी असते तर नाही लावला असता. पण जगदाळे आता मागे कसे जाणार? त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि गावाला फोन लावला. तो माइकला टेकवल्याबरोबर स्पीकरमधून अशी किंकाळी आली की स्टेजपुढे बसलेल्या मुलांनी कानांवर हात ठेवले. मी धावत जाऊन माइक जरा दूर धरायला लावला, आवाज कमी केला, आणि सगळा हॉल ऐकायला लागला. आधी त्यांच्या भावजय बोलल्या. मग खाकरण्याचा आवाज आला.

“हॅलो! औषध मिळालं!” आबा ओरडले.

“आबा, औषधाचं नाही. शाळेचं विचारायचंय.”

“कुणाच्या शाळेचं?”

“तुमच्या. पहिल्या दिवशी तुम्ही त्या मुलांना हात धरून आत नेलं ना?”

“हे आत्ता का विचारतोयस?”

“आबा, इथे कांबळे गुरुजी आहेत. धोंडीराम.”

“धोंड्या? तो तिकडं काय करतोय? दुबईला? त्याला कुणी नेलं?”

हॉल हसून फुटला. जगदाळ्यांनी घाईने फोन तात्यांपुढे धरला.

“यशवंतराव, नमस्कार,” तात्या म्हणाले. “पोराकडं आलोय. तुम्ही पहिल्या दिवशी वर्गात होता का, एवढं सांगा.”

“मी? छ्या! मी म्हशीमागं होतो. बापानं शाळाच बंद केली होती माझी.”

जगदाळे फोन सेक्रेटरींच्या हातात देऊन खाली बसले. स्टेजच्या पायरीवरच बसले, सोफ्यापर्यंत गेले नाहीत.

“मग परत कसे आलात?”

“तुला ठाऊक नाही होय? म्हैस बसली ओढ्यात. उठेना. मी रडत बसलो काठावर. तू पाटी घेऊन चालला होतास. म्हणालास, आज मास्तर गोष्ट सांगणारेत. म्हैस दिली सोडून आणि आलो तुझ्यामागं.”

“हे मी विसरलो होतो,” तात्या म्हणाले. “मग मी तुम्हाला नेलं म्हणायचं.”

“हां, तूच नेलंस. रात्री बापानं बडवला मला. म्हैस कुठाय म्हणून. तुझ्याशेजारी बसलो म्हणून निराळा.”

मोबाइलची खरखर तेवढी स्पीकरमधून येत होती. मी ती कमी करायला हात नेला आणि तसाच ठेवला.

“कधी येतोयस परत?” आबांनी विचारलं. “आलास की ये घरी. चहाला.”

“आजवर कधी बोलावलं नाही तुम्ही.”

“आता बोलावतोय की.”

“कुठं बसवाल?”

हा प्रश्न तात्यांनी भांडून विचारला नाही. बाजारभाव विचारावा तसा विचारला. समोरच्या सोफ्यावर एक बाई नवऱ्याचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. फोन कट झाला असं वाटलं.

“ओसरीवर,” आबा म्हणाले.

दोरीमागून एक हुंकार उठला. जगदाळ्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“पुन्हा बाहेरच?” तात्या म्हणाले.

“अरे बाबा, मी पण ओसरीवरच असतो! विड्या ओढतो म्हणून सून आत येऊ देत नाही. माझी खाटच बाहेर टाकलीय. मी आत जायचं तर तिला विचारावं लागतं, तुला कुठनं नेऊ?”

स्पीकरमधून मागे भावजयींचा आवाज आला, “काय सांगताय लोकांना!” आणि हॉलमध्ये जे हसू उसळलं ते सोफ्यांपासून आचाऱ्यांपर्यंत गेलं. जगदाळेही हसत होते, डोळे पुसत होते.

तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन सेक्रेटरींच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. “मग मी नाही येत,” ते म्हणाले. “यशवंता, तुझ्या ओसरीवर मी बसणार नाही. तू माझ्याकडं ये. मी तुला आत बसवतो.”

यशवंतराव गेले, यशवंता आला, तुम्ही गेलं, तू आलं. ते सगळ्यांनी टिपलं.

“आत?” आबा म्हणाले.

“आत.”

“विडी चालेल का?”

“चालेल.”

“मग येतो,” आबा म्हणाले, आणि लगेच फोन ठेवला. फोनवर निरोप घ्यायची पद्धत त्यांना नसावी.

त्यानंतर जगदाळ्यांना आभार मानायचे होते. ते माइकपाशी उभे राहिले, दोनदा “तर” म्हणाले, आणि “चला, जेवून घ्या,” असं म्हणून खाली उतरले. मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चांगलं आभारप्रदर्शन. जेवणाला लोक इतके बोलत होते की कुणाचा पास सोनेरी आणि कुणाचा रुपेरी हे बघायला कुणाला सवड नव्हती. अर्थात पुढच्या वर्षी पास होते, सोफे होते, दोरीही होती. माझा धंदा त्याच्यावरच चालायचा, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. फक्त हात धरून नेल्याची गोष्ट तेवढी जगदाळ्यांनी पुन्हा सांगितली नाही.

आबा तात्यांकडे खरंच गेले का, हे मला बरेच महिने कळलं नाही. मग ऋताच्या वाढदिवसासाठी मिलिंद खुर्च्या न्यायला शेडमध्ये आले, तेव्हा मी न राहवून विचारलं.

“गेले ना,” ते म्हणाले. “तात्या परत गेले त्याच आठवड्यात. कुणाला न सांगता, काठी टेकत. आत बसले, चहा घेतला, विड्या ओढल्या. शाळेत कोण कुठे बसायचं यावरून दोघांचं जोरदार भांडण झालं म्हणे. मग जेवले आणि आमच्याच घरात झोपले दुपारी.”

“आणि त्यांच्या घरचे?”

मिलिंद खुर्ची उघडून तिच्यावर बसले. “तेच तर. म्हातारा हरवला म्हणून तिकडे गाव गोळा झालं. ओढ्यावर बघितलं, एसटी स्टँडवर बघितलं, देवळात बघितलं, विहिरीत गळसुद्धा टाकला. संध्याकाळपर्यंत शोधत होते. आमच्या घरात काही कुणी बघितलं नाही.”

“का?”

“तिथे ते असतील असं कुणाला वाटलंच नाही.”